वाचून दाखवायचं राहिलं

सर, तुमच्या विद्यापीठानं तुमच्या नावाचं सभागृह बांधलंय, असं परवा वाचलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी गौरव काही संपत नाहीत. कापूस पिकवणाऱ्यांचा इतिहास लिहिणारे, सामान्यांना बोलतं करणारे, दोनदा कुलगुरू झालेले. वाचून माझं डोकंच फिरलं.

मला तुम्ही आठवता ते आमच्या धाड गावातल्या घराच्या स्वयंपाकघरात. आफ्रिकेतून कापसाचा इतिहास शोधत आलेला ताडमाड माणूस पाटावर गुडघे मुडपून बसलाय, ठेच्यानं नाकातून पाणी वाहतंय, पण भाकरी सोडत नाही. गोऱ्या साहेबाच्या हुकमानं तुमच्या आईलाही कापूस पेरावा लागायचा, असं तुम्ही सांगितलंत आणि माझ्या आईनं तुमच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. मग ती जिनिंगमधल्या, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या दिवसांबद्दल बोलते आहे, मी इंग्रजीत सांगते आहे. एका बाईचा पदर यंत्रात गेला, मुकादम नुसता ओरडत राहिला, आणि आईनं धावत जाऊन खटका ओढला, यंत्र बंद पाडलं. मी ते दोन वाक्यांत उरकलं. तुम्ही मला झापलंत, "ती एवढा वेळ बोलली. बाकीचं कुठे गेलं?" मी कॉलेजात पहिली येणारी मुलगी, माझे कान लाल झाले. निघताना तुम्ही आईला शब्द दिलात. ज्याची आठवण घेतली त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची, हा तुमचा नियम होता. त्यासाठी तुम्ही परत येणार होतात.

तुम्ही आला नाहीत. आधी विभागप्रमुख झालात, मग कुलगुरू. माझ्या पत्रांना तुमच्या कार्यालयातून दोन ओळींची उत्तरं यायची, सर कामात आहेत. आई दर बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्या बांधता बांधता विचारायची, "तुहे सर कवा येतीन वं? त्याहिले मले एक सांगाचं हाय. वाचू दे, मंग सांगीन." पुस्तक आलं ते थेट छापून, टपालानं. दुसऱ्या प्रकरणात आई, खटका ओढताना. त्या प्रकरणानं तुमचं नाव झालं. मीही मुलाखतीला तेच पुस्तक पुढं ठेवलं आणि प्राध्यापक झाले, आयुष्यभर मुलांना ते शिकवलं. आईला मी पुस्तक दाखवलं, वाचून नाही दाखवलं. ते काम तुमचं होतं. वाट बघता बघता ती गेली. तुमच्यावरचा राग मी एवढी वर्षं सांभाळलाय आणि तो खोटा नाही.

पण हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिता येतंय. आईला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं. तुम्ही आमच्या घरून परत गेलात त्याच आठवड्यात ती चुलीपुढं बसून म्हणाली, "खटका म्या नाई ओढला बाई. तिनं ओढला. माह्या तोंडातून निंघून गेलं." ती म्हणजे आईची मैत्रीण, बाजारात आईच्या शेजारी कोथिंबीर घेऊन बसायची ती. त्या खटक्यापायी जिनिंगमधून तिलाच काढलं होतं. पुस्तक छापायला तेव्हा तीन वर्षं होती. कधी येता म्हणून मी तुम्हाला किती पत्रं लिहिली. हे एकाही पत्रात लिहिलं नाही.