धर्मेंद्रचा शब्दकोश आणि अंकुशचा हक्क

मी, बायाबाई, परसराम मेश्राम यांची विधवा, वय ६४ वर्षे, धंदा मासेमारी, राहणार कारधा, तालुका व जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी समज ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याने कमी दिसते म्हणून ओळी वाकड्या आल्या आहेत. त्यावरून कोणी माझ्या समजेवर शंका घेऊ नये. हे लिहायला मला कोणी सांगितले नाही की धाक दाखवला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वर मालकांचे नाव लिहिले आहे. लग्नानंतर त्रेचाळीस वर्षे ते मी तोंडाने घेतले नाही, हाताने लिहिले नाही. त्यामुळे काय नुकसान झाले ते कलम चारमध्ये आहे.

१. कारध्याचे दोन खोल्यांचे घर, मागची जागा आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी भावना हिला द्यावे. ती नागपूरला राहते, तिला या घराची गरज नाही, हे मला माहीत आहे. तरी तिलाच द्यावे. पाटा-वरवंटा तिच्या सासूबाईंना द्यावा. माझ्या हातचा मरळ माशाचा रस्सा त्यांना बावीस वर्षांत एकदाही चांगला लागला नाही. आता त्यांनी स्वतः वाटून पाहावे.

२. डोंगा, वल्हे आणि तिन्ही जाळी अंकुशला द्यावीत. अंकुश हा माझ्या दिराचा मुलगा, कोंढ्याला राहतो आणि पवनीला संगणक शिकवतो. तो मासे मारत नाही. डोंगा विकला तरी चालेल, पण त्याच्या हातून विकला जावा.

३. माझा मुलगा धर्मेंद्र नागपूरला संगणकाच्या कंपनीत होता. त्याने आपल्याकडच्या बोलीचा शब्दकोश सुरू केला. मासे, जाळी, बोडी म्हणजे शेतातले लहान तळे, बोडीची पाळ, धानाची बांधी, सगळ्याचे शब्द. प्रत्येक शब्दापुढे तो कोणी सांगितला त्याचे नाव आणि तारीख. निम्म्या शब्दांपुढे माझे नाव आहे. मी शाळेत गेले नाही. त्याच्याच तिसरीच्या पुस्तकावरून वाचायला शिकले, म्हणून आपले नाव छापल्यासारखे दिसले की मला अजून बरे वाटते.

हा कोश गिट नावाच्या पद्धतीने ठेवला आहे. एक प्रत आपल्या लॅपटॉपवर. दुसरी दूर, दुसऱ्याच्या संगणकावर. त्या दूरच्या जागेला रिमोट म्हणतात आणि प्रत्येक रिमोटला एक छोटे नाव द्यावे लागते. लॅपटॉपवर लिहून जतन केले म्हणजे ते दूर गेले असे नाही. पाठवण्याची आज्ञा वेगळी, आणि त्या आज्ञेत रिमोटचे नाव टाकावेच लागते. धर्मेंद्रने दोन रिमोट केले होते. एक इंटरनेटवर, त्याच्या खात्यात. दुसरा भावनाच्या घरी कपाटावर ठेवलेल्या लहान संगणकावर. या दुसऱ्याला त्याने वडिलांचे नाव दिले, परसराम. मी तेव्हाच म्हटले होते की हे नाव मला टाकता येणार नाही. तो हसला. म्हणाला, "मी हावो ना, माय. मी टाकतो."

४. धर्मेंद्र ११ ऑगस्ट २०१८ रोजी गेला. मूत्रपिंडे निकामी झाली होती. दवाखान्यात सात आठवडे होता. तिथेही लॅपटॉप पोटावर ठेवून लिहायचा. मला विचारून विचारून शेवटचे सतरा शब्द त्याने तिथेच घातले. दवाखान्यात नेट मिळत नव्हते. घरी गेल्यावर पाठवू म्हणाला.

लॅपटॉप घरी आला.

त्याच्या खात्यात शिरायला त्याच्या फोनवर येणारा आकडा लागायचा. तो फोन बंद झाला. त्या रिमोटवरून कोश वाचता येत होता, पण तिथे काही पाठवता येत नव्हते. उरला परसराम. आज्ञा काय ते मला ठाऊक होते. कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेली होती. चार शब्द टाकायचे, त्यातला एक तो. मी तीन टाकायची आणि थांबायची.

शेवटी अंकुशला बोलावले. म्हटले, नाव बदलून दे. तो म्हणाला, "काकू, मशीनले का समजते कोन कोनाचा नवरा?" मी म्हटले, "मले समजते ना." त्याने ऐकले. रिमोटची जोडणी लॅपटॉपवरून काढून टाकली, भावनाकडची प्रत तशीच राहिली, आणि विचारले, आता नवे नाव काय ठेवू? मी सांगते म्हटले. तो स्पष्ट म्हणाला की नवे नाव घालेपर्यंत काहीच पाठवता येणार नाही, लवकर सांगा.

मी सांगितले नाही. मालकांचे नाव मला घेता येत नव्हते, आणि त्यांच्या जागी दुसरे नाव ठेवायला माझी जीभ वळत नव्हती. अंकुशने तीनदा फोन केला, दोनदा कोंढ्याहून स्वतः आला. एकदा मी धान कापणीचे कारण सांगितले, एकदा डोके दुखते म्हणाले. शेवटी तो म्हणाला, "काही बी ठेवा काकू, बोडी ठेवा, म्हैस ठेवा." मी त्याच्यावर रागावले. धर्मेंद्र जाऊन असे दहा महिने झाले. मी रोज नवे शब्द घालत होते, जतन करत होते.

जून २०१९ मध्ये लॅपटॉप बंद पडला. नागपूरच्या दुरुस्तीवाल्याने दोनदा उघडून पाहिला आणि आतले काही निघणार नाही म्हणाला. माझे शब्द मी पुन्हा लिहिले. धर्मेंद्रने मला विचारले पुष्कळ होते, पण त्यातले कोणते सतरा घातले ते मी एकदाच वाचले होते. त्यातले अकरा आठवले. सहा आठवले नाहीत.

ऑगस्टमध्ये त्याचे वर्षश्राद्ध झाले. पंगत बसली होती. कोणीतरी कोशाचे विचारले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अंकुशनं रिमोट मिटवला. माह्या पोराचे शेवटचे शब्द त्यानं खाल्ले." अंकुशने माझ्याकडे पाहिले. तो वाढलेल्या पत्रावळीवरून उठून गेला. तोही कोशात शब्द घालायचा; मी भावनाला सांगून त्याचा तो हक्कही काढून घेतला. चार वर्षे तो या घरी आलेला नाही.

अंकुशचा काहीही दोष नव्हता. हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. काढायला मी सांगितले, आणि नवे नाव मी दिले नाही.

५. नव्या लॅपटॉपवर भावनाने तोच रिमोट त्याच नावाने पुन्हा जोडला. तेव्हापासून दर रविवारी मी ते नाव टाकते आणि कोश पाठवते. सवय झाली असे नाही.

माझ्यानंतर हा लॅपटॉप अंकुशला द्यावा आणि कोशाची सगळी जबाबदारी त्याची व भावनाची मिळून असावी. तिसरा रिमोट अंकुशने कोंढ्याला स्वतःच्या घरी करावा. त्याचे नाव त्याने ठरवावे. दोघांचे लिहिलेले जुळले नाही तर दोन्ही ठेवावे. जबरदस्तीने पाठवायची आज्ञा आहे, ती दुसऱ्याचे लिहिलेले पुसते, म्हणून कधीही वापरू नये. आठवले नाहीत त्या सहा शब्दांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, पुढे घालणारा म्हणून धर्मेंद्रचे नाव आहे. अंदाजाने भरू नयेत. जुना बंद लॅपटॉप भंगारात देऊ नये.

अंकुशचा लिहिण्याचा हक्क माझ्या मरणाची वाट न पाहता परत द्यावा, असे मी काल भावनाला फोनवर सांगितले, आणि का तेही सांगितले. ती म्हणाली, "माय, मी त्याले चार वर्स उगाच बोलली?" मी हो म्हणाले. तिने रात्रीच हक्क दिला. त्याने अजून काही लिहिलेले नाही. मी सकाळपासून तीनदा पाहिले. फोन करायचा धीर झाला नाही.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भावनाने करावी. माझ्या तेरवीला पंगत बसली की वाढण्याआधी कलम चार मोठ्याने वाचावे, पूर्ण, काही न गाळता. भावनाने वाचावे. अंकुश आला असेल तर पहिले पान त्याला वाढावे. तो जेवला नाही तरी कोणी आग्रह करू नये, आणि त्याला वाईट म्हणू नये.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर सही केली. साक्षीदारांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: बायाबाई परसराम मेश्राम

साक्षीदार:
१. टेकचंद इतवारी शेंडे, राहणार कारधा (सही)
२. रंभाबाई जागेश्वर मेश्राम, राहणार कारधा (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: कारधा
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२३, रविवार