झोळीतलं वजन

बाई, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हांला लिहिताना मी दार लोटून बसलेय. उपकेंद्रातून घरोघरी बाळंतिणी बघत तुम्ही पालेगावात यायचात, तेव्हाची ती भाजीवालीची धाकटी सून मी. आता आम्ही बदलापूरला, शिरगावात राहतो. तुम्ही जिचं वजन करायचात तीच माझी मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे आलीय. परवा आरोग्यसेविका तिच्या बाळाला बघायला आली. मी बाळाचं झबलं, टोपरं, लंगोट, हातातले काळे मणीसुद्धा उतरवले आणि म्हटलं, आता करा वजन. मुलगी हसून तिला म्हणाली, आमच्या आईचा कुणावर विश्वास नाही, मी तान्ही असताना एका नर्सबाईंचा काटा खोटा निघाला होता. ती सेविका कसनुसं हसली. मी खाली मान घालून लंगोटाच्या घड्या करत बसले.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी बारा दिवसांची बाळंतीण, चुलीपाशी भांडी घासत होते. तुम्ही बाळाच्या आधी माझी थाळी बघितलीत. कालचा भात आणि डाळीचं पाणी. पोरीला दूध मिळायला हवं असेल तर आधी हिला पोटभर वाढा, असं तुम्ही सासूबाईंना तोंडावर सुनावलंत. त्या हो हो म्हणाल्या, आणि तुमची पाठ वळल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला तुम्ही त्यांना काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलंत, पोरीला अंगावर कसं धरायचं ते माझा हात धरून दाखवलंत, आणि पर्समधून स्वतःचा डबा काढून माझ्यापुढे ठेवलात. चपाती आणि मेथीची भाजी. मी संपवेपर्यंत तुम्ही समोर बसून होतात. तुम्ही दुपारी काय खाणार, हे मला विचारावंसंही वाटलं नाही, इतकी भूक होती.

त्या दिवशी पोरीचं वजन वाढलेलं नव्हतं. सासूबाईंनी परत आल्यावर ते ऐकलं आणि तुम्ही गेल्यावर निकाल दिला, "हिच्या अंगाव दूध नाय. पुढच्या टायमाला वजन नाय भरलं तर पोर हितं ठेवायची, गाईचं पाजू. ही जाऊ दे बापाकडं." नवरा मान खाली घालून जेवत होता. त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे मला ठाऊक होतं.

म्हणून तुम्ही यायच्या दिवशी मी त्यांच्या तराजूचं दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन पोरीच्या लंगोटात खोचलं. वर दोन झबली, शाल. तुम्ही दर वेळी पोरीला उघडी करून काट्याला टांगलेल्या झोळीत घालायचात. त्या दिवशी मी तुमचे हात धरले, सर्दी झालीय, कपडे नका काढू म्हणून गयावया केली. ते तुमच्या नियमात बसत नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघून तुम्ही नियम मोडलात, कपड्यांचं अंदाजाने वजा केलंत आणि आकडा कार्डावर लिहिलात. तुम्हांला केवढा आनंद झाला होता! आईचं दूध लागलं बघा, असं तुम्ही सासूबाईंना दोनदा सांगितलंत. मला त्या दिवशी पोटभर वाढलं गेलं. आणि सगळं ठीक आहे असं समजून तुम्ही पुढची फेरी लांबवलीत.

आठ दिवसांनी पोर मान टाकायला लागली. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं, कार्ड बघितलं आणि हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं. तुम्ही निरोप मिळताच धावत आलात. सगळ्यांच्या देखत ते तुमच्यावर ओरडले.  मग तुम्ही माझ्या शेजारी बाकावर टेकलात आणि हळू आवाजात विचारलंत,

"मला काही सांगायचंय का तुला?"

"नाय बाई."

"बरं. आधी पोर जगू दे."

तुम्हांला कळलं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही उठून आत गेलात. नवऱ्याने मला विचारलं, असं कसं झालं. मी म्हटलं, "बाईंचा काटाच खोटा हाय." सासूबाईंनी नाही, नवऱ्याने नाही, मी म्हटलं. त्याने तक्रार दिली, तुमची लांब कुठेतरी बदली झाली. पोर वाचली, आणि माझ्याकडेच राहिली. करून सवरून नामानिराळी राहणं मला साधलं. पुढे कधीतरी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले, पण त्याच्याआधी मनात आलं होतं, सुटले. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

हे लिहायला घेतलं ते मुलीला वाचून दाखवायचं ठरवून. ती पलीकडच्या खोलीत बाळाला पाजतेय. हाक मारली तर लगेच येईल. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते ती मला सोडवत नाही, बाई. तिला तुमचा काटा खोटा वाटतो, आणि तिला तसंच वाटत राहावं, असं मला वाटतं.