पॅडलवरचा पाय

९ नोव्हेंबर १९९८

"सोडू नको, सोडू नको!" — मुन्ना ट्रकखालून ओरडला. तोवर ब्रेकच्या पॅडलवरून माझा पाय उचलला गेला होता.

नळीतले बुडबुडे उलटे चाकात शिरले. पुन्हा पहिल्यापासून.

"काऊन सोडलं, भाभी?"

"तू ठोकलंस ना. दोनदा."

"म्या? माहा एक हात पान्यावर, एक नळीवर. तिसरा कुठून आनू?"

मी पुन्हा पॅडल दाबलं. दिराशी वाद कशाला!

१० नोव्हेंबर

शफी बोलायचा नाही. ट्रकखाली गेला की चेसीवर पाना वाजवायचा. एक ठोका — दाब. दोन ठोके — सोड. लग्नानंतर त्याने मला शिकवलेलं पहिलं काम हेच. ब्रेकमधली हवा काढायची तर दोघं लागतात. वरच्याने पॅडल दाबून धरायचं. खालच्याने चाकामागचं निपल उघडून नळीतून हवा बाहेर जाऊ द्यायची, निपल कसायचं. मगच पॅडल सोडायचं. आधी सोडलं की गेलेली हवा परत आत.

पावसाळ्यात शफीला मलेरिया झाला. डोक्यात चढला. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. ट्रक तेव्हापासून अंगणात उभा. चाकांतले रबर सडले. मुन्नाने मास्टर सिलेंडर बदलला, रबर बदलले. सगळं नवं. फक्त हवा निघत नाही.

आजही ठोके आले. पुढच्या उजव्या चाकाकडून. मुन्ना मागच्या डाव्या चाकाखाली होता.

मी सोडलं. ठरवून नाही. पाय ऐकतो.

११ नोव्हेंबर

बांबू डेपोचा मुकादम मुखरू कुंपणाशी येऊन गेला. शुक्रवारी गाडी लागली नाही तर हंगामभर दुसऱ्याची लागेल. "मंग माह्या नावानं बोंबलू नको," मुन्नाला म्हणाला.

"येते म्हनलं ना गाडी!" — मुन्ना. मग माझ्याकडे न बघता, "हे पॅडल हाये का उशी!"

शेजारच्या अंजनाबाईंनी कुंपणावरून उकडलेले शिंगाडे दिले. "साबिरा, रोज पाय दाबून राह्यली गाडीचे. अजून झोपली नाई का ते?" मुन्ना ट्रकखाली हसला. मीही हसले. शफी गेल्यावर पहिल्यांदा.

डेपोवरून भरलेली गाडी घाट उतरते. या पॅडलवर मुन्ना उतरला तर —

इद्दतीचे चार महिने दहा दिवस पुरे होईपर्यंत मला अंगणाबाहेर जायचं नाही. मेलेल्या नवऱ्याचं पाहिलं, आता दिराचं इथंच बसून ऐकायचं?

हवा मीच आत घेते आहे. मुन्नाला हे सांगता येत नाही.

१२ नोव्हेंबर

ठोके आले. पाय उचलला नाही.

पुन्हा आले. जोरात — शफीने कधी इतक्या जोरात वाजवलं नव्हतं! दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. रडले असेन.

"निपल कसलं. सोड आता." हा मुन्नाचा आवाज. तेव्हा सोडलं.

सगळी चाकं अशीच केली. ठोके कमी होत गेले. शेवटच्या चाकाला आलेच नाहीत.

पॅडल दगडासारखं झालं. मुन्नाने स्वतः चढून दाबून पाहिलं. "वा भाभी! आता कोनताबी घाट दे."

तो जेवायला गेला. मी गाडीखाली वाकून हाक मारली. चेसीवर मीच पाना वाजवला. एकदा. मग दोनदा.

काही नाही. ऑइलचा वास, आणि पलीकडे अंजनाबाईंच्या कोंबड्या.

उद्या गाडीही जाईल.

१३ नोव्हेंबर

सकाळी मुन्ना आंघोळीला गेला तेव्हा पुढच्या उजव्या चाकाचं निपल सैल केलं. वर चढून पॅडल दोन-तीनदा दाबलं, सोडलं. खाली येऊन निपल कसलं. मुन्नाला सांगितलं — पॅडल पुन्हा बसतं, आज गाडी नेऊ नको. त्याने दाबून पाहिलं. बराच वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून बसला. मग मुखरूला नाही म्हणून निरोप धाडला, पाना घेऊन खाली गेला.

मी वर चढले. पाय पॅडलवर, कान पुढच्या उजव्या चाकाकडे.