अंगात जरा कसर आहे

केरमान
१४ मेहर १३७६

आदरणीय खानदादाश,

सलाम. तुम्ही आणि बद्री-खानम सुखरूप असाल. मशहदला एव्हाना शेगड्या पेटल्या असतील. इकडे दिवसा ऊन चांगलं आहे, संध्याकाळी मात्र अंगावर घ्यावं लागतं. आमच्या मर्जियेला पुन्हा सातवा महिना लागलाय. बेकरी आता जावईच बघतो. डाळिंबं यंदा बारीक निघाली, पण गोड आहेत.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. सहा वर्षांत आपल्या दोन घरांत सलामसुद्धा गेला-आला नाही. मागच्या महिन्यात मी दोन-तीनदा फोन केला होता. बद्री-खानमनी सांगितलं असेलच. त्यांनी विचारलं, "खुदा वाईट न दाखवो, सगळं बरं आहे ना?" मी म्हटलं, "शुक्र आहे. कुदरतच्या अंगात जरा कसर आहे, बाकी काही नाही." मग आम्ही वांग्याच्या लोणच्याबद्दल बोललो आणि मी फोन ठेवला. फोन तुमचा भाऊ झोपतो त्याच खोलीत आहे. पण तो तिथं नसता, तरी माझ्या तोंडून दुसरं काही निघालं नसतं. म्हणून लिहायला बसले.

वसंतापासूनच त्याचं जेवण कमी झालं होतं. मी म्हटलं, दही-काकडी बाधली, पोटात थंड पडलं. गरम पाण्यात खडीसाखर विरघळवून दिली, इस्पंद जाळून दृष्ट काढली. भट्टीतला पहिला खजूर भरलेला कोलोम्पे स्वतःच्या तोंडात टाकल्याशिवाय गिऱ्हाइकाला न देणारा हा माणूस. त्याला खजुराच्या नुसत्या वासानं मळमळायला लागलं, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्याला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि मला आत थांबवलं.

तोच आजार आहे, खानदादाश. जीभ झडो माझी. पोटात आहे, आणि कापून काढण्यासारखा राहिलेला नाही.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना सांगायचं की नाही, हे तुम्ही घरच्यांनी ठरवा." मी क्षणभरही विचार केला नाही. "नको," म्हटलं. मर्जियेही तेच म्हणाली, "आई, बाबांना कळलं तर त्या धक्क्यानंच जातील." बाहेर येऊन मी त्याला सांगितलं, अल्सर आहे, पथ्य पाळलं की बरा होतो. तो म्हणाला, "मग चल, वाटेत कलिंगड घेऊ." मला केवढं हायसं वाटलं.

उन्हाळाभर आम्ही अल्सरच्याच गप्पा मारल्या. शेजारीण भेटायला आली की मी तिला दारातच डोळ्यांनी दटावायची. ती म्हणायची, "कुदरत-आगा, रंग किती छान आलाय तोंडावर." तो म्हणायचा, "तुमच्याच दुव्यानं." त्याची विजार खाली घसरायला लागली तेव्हा मी नाडी बदलली आणि म्हटलं, जुनी सैल झाली होती.

उन्हाळ्याच्या मध्यावर तो पहिल्यांदा म्हणाला, "तूबा, दादाशला भेटावंसं वाटतंय." मी म्हटलं, बरा झालास की मशहदला जाऊ, दर्ग्याची जियारतही होईल. पुढे पुन्हा म्हणाला. मी पुन्हा तेच म्हटलं. एवढ्या वर्षांचा अबोला मोडून तुम्ही दारात उभे राहिलात, तर त्याला सगळं उमगलं असतं. तुमचं येणं हेच डॉक्टरचं तोंड झालं असतं. म्हणून मी तुम्हाला येऊ दिलं नाही. तुम्हाला यातलं काही माहीतच नव्हतं, पण मी अडवलंच म्हणायचं.

परवा शुक्रवारी मी त्याची उशी सारखी करत होते. तो म्हणाला, "दादाशला बोलाव."

"कशाला त्यांना एवढ्या लांबून? साधा अल्सर तर आहे."

तो म्हणाला, "अझीझलाही साधी कसरच होती."

माझ्या हातून उशी सुटली. तुमच्या आईचे, अझीझचे, ते दिवस मला तुम्ही सांगायला नकोत, पण आमच्या बाजूनं ते कसे गेले हे तुम्हाला ठाऊक नाही. तो दर गुरुवारी बेकरीतून तुम्हाला फोन करायचा. तुम्ही म्हणायचात, जरा कसर आहे, झोपलीय, तुला सलाम सांगतेय. नवरोजला न्यायला त्यानं तिच्यासाठी मऊ कोलोम्पे वेगळे बांधून ठेवले होते. मग तुमचा 'ये' म्हणून फोन आला. तो बसनं सगळं वाळवंट ओलांडून पोचला, तर तुमच्या दारावर काळं कापड. डबा त्यानं तसाच परत आणला. इथं कुणी तो उघडला नाही.

मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मला बाकावर बसवलं तेव्हापासून. अल्सरसाठी बायकोला आत ठेवतात का?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकं जीव तोडून खोटं बोलत होतीस. म्हटलं, तुझं मन कशाला मोडा." मग पडलेली उशी त्यानं जवळ ओढली. "तुझ्यावर रागावून बघितलं, तूबा. जमलं नाही. मग दादाशवर कुठल्या तोंडानं रागावू?"

खानदादाश, या. पिस्त्याच्या कामासाठी आलो होतो, असं काही सांगू नका. वेळ फार नाही.

तुमची अपराधी भावजय,
तूबा

*

केरमान
५ दै १३७६

आदरणीय खानदादाश,

सलाम. तुम्ही कुदरतच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत थांबलात, कबरीवरचा दगड बसवून गेलात, याचं ऋण कसं फेडू? बद्री-खानमचा गुडघा कसा आहे? मर्जियेला मुलगी झाली. दूध नीट पितेय.

तुम्ही आलात त्या दुपारबद्दल आपण दोघं बोललोच नाही. मी स्वयंपाकघरात होते आणि दार अर्धं उघडं होतं. मी सगळं ऐकलं. हे तुम्हाला न सांगता राहिले, तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

तुम्ही आत येताच म्हणालात, "वाटेत होतो, म्हटलं डोकावून जावं." इतकं बजावूनसुद्धा. कुदरत म्हणाला, "दादाश, मशहदहून केरमान कुणाच्या वाटेत येतं?" आणि तुम्ही दोघं हसलात. त्या हसण्यानं त्याला ठसका लागला, तुम्ही त्याची पाठ चोळलीत, आणि मग तुम्हीच रडायला लागलात.

मग तो म्हणाला, "अझीझचं सांग. सगळं. काही गाळू नकोस."

तुम्ही सांगत गेलात. तिला कुठं दुखायचं, घास कसा अडायचा, शेवटी ती फक्त बर्फाचा तुकडा चोखायची. ज्याच्या पोटात तेच आहे, त्याला हे कसं सांगतात, म्हणून मी दाराकडे धावले होते. पण त्याचा चेहरा बघून थांबले. उन्हाळाभरात तो इतका शांत मला दिसला नव्हता. मधूनच म्हणायचा, "हो, असंच होतं. पाठीतसुद्धा जातं."

आणि मग तुम्ही ते सांगितलंत. अझीझनंच तुमचा हात धरून शपथ घातली होती: कुदरतला कळवू नकोस, एवढा रस्ता बसमध्ये एकटा रडत येईल.

"मग हे मला सहा वर्षं का नाही सांगितलंस?"

"तिच्यावर रागावला असतास. मेलेल्या माणसावर रागावून तू गेला असतास कुठं? माझ्यावर रागाव म्हटलं. मी जिवंत होतो."

मी चहा घेऊन आले, तेव्हा तो तुमचा हात छातीवर धरून झोपला होता, आणि तुम्ही मान वर न करता मला कप खाली ठेवायची खूण केलीत.

आता लोक विचारतात, काय झालं होतं हो त्यांना? मी सांगते, पोटाचा कर्करोग. बायका म्हणतात, आमच्या जिवापासून दूर राहो, आणि चादरीच्या आत हात ओढून घेतात, जणू आजार हातानं लागतो. त्यांना मी काय बोलू? मीही तशीच होते.

मला एकच गोष्ट खाते. त्याच्या पाठीत दुखतं हे मला तो तुम्हाला सांगत होता तेव्हा कळलं. मी त्याच्या शेजारी झोपत होते. सगळा उन्हाळा मी त्याला एकदाही विचारलं नाही, कुठं दुखतंय, कारण विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

तुमच्या भावाच्या शेजारी असून दूर राहिलेली,
तूबा