बाबांना सांग

नागपूर,
ता. २४ ऑगस्ट १९७९

चि. सौ. जया,

तुला, जावईबापूंना आणि घरातल्या सगळ्या मंडळींना आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तुम्हीही असालच.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसायची आणि काहीतरी निमित्त काढून उठायची. काल तान्हा पोळा झाला. आपल्या शेजारच्या शोभाताईंच्या नातवाचा लाकडी बैल त्याच्याहून उंच, ओढता ओढता पोरगंच दमलं. पाऊस बरा आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येऊन तुझ्या लग्नात दिलेला रंग सुटला आहे.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस की मागची खोली रिकामी केली आहे, आई, ये आणि परत जायचं नाव काढू नकोस. उन्हाळ्यात मीच तुला लिहिलं होतं की इथे मन लागत नाही, जबलपूरला कायमची येते म्हणून. कारण लिहिलं नव्हतं आणि तूही विचारलं नाहीस, शहाणी आहेस. आज लिहिते. पण हे पत्र जावईबापूंसमोर मोठ्याने वाचू नकोस.

जूनमध्ये तुझ्या बाबांना टायफॉईड झाला होता. आता ठणठणीत आहेत, म्हणून जीव टांगणीला लावू नकोस. पण झालं असं की ते ताटावर बसायचे आणि नुसतेच उठून जायचे. मला वाटलं, रागावले. म्हटलं, राहू दे उपाशी. मी ताट झाकून ठेवायची आणि मनातल्या मनात भांडायची. त्यांना वाटायचं, हिला दिसतंय तरी ही विचारत नाही. शेवटी न्हाणीघराच्या दारात पडले, तेव्हा हात लावला तर अंग तव्यासारखं.

तू म्हणशील, घरात दोन माणसं आणि ताप आला ते कळू नये? नाही कळलं. कारण तू सासरी गेल्यापासून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. लागलं तर भांडीवाल्या रुखमाबाईला मध्ये घालायचं. एकाच खोलीत बसून मी म्हणायची, "रुखमाबाई, यायले सांगा, दळण आणाचं हाय." ती वळून म्हणायची, "साहेब, बाई म्हणून राहिल्या का दळण आणाचं हाय." त्या आठवड्यात नेमकी ती सुनेच्या बाळंतपणाला गेली होती.

आपले नेहमीचे डॉक्टर आले. विचारलं, ताप कधीपासून? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. बाबा हिंडूफिरू लागल्यावर मात्र धंतोलीतल्या एका मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलं आणि म्हणाले, दोघांनी जा, एकट्याने नाही.

मनाचा डॉक्टर म्हटल्यावर मला एकच आठवलं, पागलखाना. तुलाही तेच आठवलं असेल. तुझे बाबा दोन दिवस छत्रीची काडी नीट करत बसले, पण तिसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून दारात उभे राहिले. शोभाताईंना सांगितलं की डोळे दाखवायला चाललो. आता त्या भेटल्या की विचारतात, चष्मा कधी मिळणार.

डॉक्टर अगदी तरुण निघाले. काय त्रास आहे विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टर, यायले विचारा, माझ्याशी बोलाले यायचं काय जाते." तुझे बाबा म्हणाले, "डॉक्टर, तिले सांगा, अबोला तिनं धरला." मग पुन्हा मी, पुन्हा ते. डॉक्टरांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी हे निरोप्याचं काम कोण करत होतं?"

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "जया."

खरंच की गं. सासूबाईंसमोर नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती, म्हणून तू बोबडं बोलायला लागल्यापासून तुला मध्ये घेतलं. बाबांना सांग, पानं वाढली. आईला सांग, उशीर होईल. सासूबाई गेल्या, तरी तू मध्येच राहिलीस. तू तुरुतुरु इकडून तिकडे पळायचीस आणि आम्हाला वाटायचं, घर कसं बोलतं आहे.

डॉक्टर म्हणाले, "मी तुमची जया होणार नाही. खुर्च्या समोरासमोर घ्या."

समोरासमोर बसल्यावर मला ते बोलावंच लागलं. तुझी वरात गेल्यावर रिकाम्या मांडवात तुझे बाबा म्हणाले होते, "आता घरात बोलाले कोणी नाही राहिलं." मी त्यांच्या मागेच उभी होते. मी कोणीच नाही का, एवढंच मला तेव्हा ऐकू आलं आणि माझं तोंड मिटलं.

ते खांद्यावरच्या पंच्याला गाठी मारू लागले. मग म्हणाले, "खरंच बोललो होतो मी. तुले काय म्हणाव, कसं म्हणाव, मले समजेच नाही. जया असली का सोपं जाय. ती गेली न् मले भेव वाटलं."

जया, मी ज्याला अपमान समजून उराशी धरून बसले होते, ती त्या माणसाची भीती होती. मला तिथेच रडू आलं. रागाचं नाही, मायेचं.

डॉक्टरांनी रोज एकमेकांना एक प्रश्न विचारायला सांगितला आहे, जेवणखाण सोडून. पहिल्या दिवशी तुझ्या बाबांनी विचारलं, "दळण आणू का?" मी म्हटलं, हे जेवणातच येते. दुसऱ्या दिवशी विचारलं, "तुले पोहता येते का वं?" सावनेरच्या आमच्या विहिरीत मी भावांच्या आधी उडी मारायची, हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. मलाही कळलं की ऑफिसात ते डबा एकटेच खात असत.

पोळ्याच्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "जयाकडे गेली तं परत येशीन का?" मी ट्रंक काढून ठेवलेली त्यांनी पाहिली असावी. मी म्हटलं, सांगते. आज सकाळी सांगितलं, "नाही जात. पण मले या घरात मुकी ठेवसान तं जाईन." ते म्हणाले, "मले रोज एक सुचते का नाही, पाहाव लागन." एवढ्यावर मी राहते आहे.

म्हणून खोली तुझ्या नणंदेला दे. दिवाळीला ये, पण आमच्यापैकी कोणी "सांग" म्हटलं, तर हलू नकोस. आणि तुमच्याकडे बाळ आलं की त्याला नुसतं खेळू दे.

इथे खाली मी नेहमी "बाबांचे आशीर्वाद" लिहिते. खरं सांगू, एकदाही त्यांना विचारून लिहिलेलं नाही. थांब, विचारते.

विचारलं. म्हणाले, "आण इकडे."

तुझी,
आई

चि. जया, हे मी स्वतः लिहितो आहे. आशीर्वाद. तुझी आई इथेच राहते आहे. तिला विचारून लिहिलं.

बाबा