श्रीलंकेला शक्यतो जमिनीवरून

५ जानेवारी
आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाचे विचार हवेत विरून जाऊ नयेत.
तात्कालिक कारण: सकाळी चहा देताना मालिनी म्हणाली की निवृत्तीनंतर परदेशी नेतो, असं मी म्हणालो होतो. म्हणालो असेन. तिला श्रीलंका हवी आहे. समुद्र, नारळ, चहाचे मळे. यांपैकी दोन गोष्टी रत्नागिरीत फुकट आहेत हे मी निदर्शनास आणलं. ती म्हणाली, "त्या बघून झाल्या."
ठीक आहे. जाऊ. मी भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलंय. कसं जायचं ते मी ठरवणार.

७ जानेवारी
नीरजाचा पुण्याहून फोन. आईने लेकीला लगेच कळवलेलं दिसतं. म्हणाली, मुंबईहून थेट विमान आहे, जेवण होईपर्यंत कोलंबो. मी म्हटलं, हाच तर माझा आक्षेप आहे. इतक्या घाईत बारा अक्षांश ओलांडले तर शरीराला हवामानबदलाची पूर्वसूचनाच मिळत नाही.
"बाबा, हवामान तेच आहे. तिथेही घामच येतो."
भूगोलात हिला कधी गती नव्हती.
भीतीचा प्रश्न नाही. कुणी तसं विचारलेलंही नाही. नुसती नोंद.

१० जानेवारी
मारुती मंदिरापाशी अजिंक्यच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेलो. माझा विद्यार्थी. मला उठून खुर्ची दिली, हे नमूद करतो. मग कॉम्प्युटरवर विमानाची आकृती काढून विचारलं, सर, खिडकी की कडेची? मी म्हटलं, मधली नाही का? तो म्हणाला, मधली कुणी मागत नाही. मी विचारलं, पंखाजवळ कमी हलतं असं म्हणतात ते शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे का. निव्वळ कुतूहल.
"सर, पहिल्यांदाच जाताय का?"
मी सांगितलं की तसं नाही. नीरजाच्या पदवीदानाला दिल्लीचं तिकीट होतं, पण ऐन वेळी पोट बिघडलं. त्याआधी मेहुणीच्या साठीला बंगळूरचं होतं, तेव्हाही पोट. विमानतळाच्या परिसरातलं पाणी निकृष्ट असतं.
"म्हणजे विमानतळापर्यंत गेला होतात."
पनवेलपर्यंत, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. अजिंक्य एकदम कीबोर्डकडे बघायला लागला. व्यवसायात एकाग्रता नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारची दीपाली तिळगूळ घेऊन आली. ही बँकेतून निवृत्त झाली आणि नवऱ्याला घरी ठेवून थायलंड करून आली. ढग वरून कसे दिसतात ते मालिनीला सांगत होती. खाली पिंजलेला कापूस पसरलाय असं वाटतं म्हणे. मी म्हटलं, ते बाष्प असतं.  मालिनी तिळगूळ हातात धरून तशीच ऐकत बसली होती. शेवटी तो हाताला चिकटला.
बाष्पाबद्दल मी म्हणालो ते बरोबरच आहे.

१६ जानेवारी
सापडलं. जहाज!
तामिळनाडूतल्या नागपट्टणमहून श्रीलंकेत जाफन्याजवळ प्रवासी बोट जाते. सकाळी निघायचं, दुपारी परदेशात. इथून रेल्वेने एर्नाकुलम, तिथून पूर्वेकडे दुसरी गाडी, मग पाल्कची सामुद्रधुनी. ही सामुद्रधुनी मी पिढ्यान्‌पिढ्या फळ्यावर काढली आहे. आता ती स्वतः ओलांडीन.
मालिनीला नकाशासकट समजावलं. आपण कोकणातली माणसं, दर्या आपल्या रक्तात आहे, असंही म्हणालो.
"तुम्हाला भाट्याच्या किनाऱ्यावर घोट्याच्या वर पाण्यात कधी पाहिलं नाही मी."
घोट्याचा इथे संबंध नाही. बोटीत पाणी बाहेर असतं.

१९ जानेवारी
शास्त्रीय पद्धतीने आधी चाचणी घ्यायची ठरवली. जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते. खाडी ओलांडायची आणि परत यायचं. मालिनीला निरीक्षक म्हणून नेलं.
चाचणी यशस्वी. किरकोळ अडचण: बोट सुटल्यावर थोड्याच वेळात मला मळमळलं. कारण उघड आहे. जयगडला घेतलेली भजी शिळ्या तेलातली होती. मालिनीने तीच भजी खाल्ली आणि ती कठड्याशी उभी राहून वारा घेत होती, यावरून इतकंच सिद्ध होतं की बायकांची पचनशक्ती चांगली असते.
एका खलाशाने मला बोटीवर चढवलेल्या एका जीपच्या सावलीत बसवलं. म्हणाला, "मास्तर, डोळं मिटून घ्या. आता येयल काठ." त्याने मास्तर म्हणून ओळखलं. समाजात अजून आदर आहे.
परतीचा प्रवास मी जमिनीवरून केला. म्हणजे आधी रिक्षा, मग गुहागरहून एसटी, मग चिपळूणला बदलून दुसरी एसटी. मालिनी बोटीने परत गेली आणि तिकडून बसने रत्नागिरीला. मी घरी पोचलो तेव्हा तिचं जेवून, भांडी आवरून झालं होतं. माझं ताट झाकून ठेवलं होतं.

२२ जानेवारी
मालिनी म्हणाली की ती दीपालीबरोबर विमानाने जाते, नीरजा पुण्याहून मुंबईला येऊन त्यांना विमानतळावर सोडेल. आवाज चढवला नाही. डाळीतले खडे काढता काढता म्हणाली.
मी म्हटलं, जरूर जा. मी समुद्रमार्गे येतो आणि तिथल्या गॉलच्या किल्ल्यावर तुम्हाला भेटतो. तुम्ही थकलेल्या असाल, मी ताजातवाना.
तिने खडे काढायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. "खरंच याल?"
मी म्हटलं, म्हणजे काय.
"मग मी किल्ल्यावर वाट बघीन," म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी काहीतरी गुणगुणत उठली.

१ फेब्रुवारी
तयारी जोरात. आल्याच्या वड्या, लिंबं, ओवा. डॉक्टरांकडून बोट लागू नये म्हणून गोळ्या घेतल्या. (सहप्रवाशांसाठी. कुणाला लागल्या तर.) मालिनीने निळा पंजाबी ड्रेस शिवून घेतला. विचारलं, कसा दिसतो. मी म्हटलं, जहाजावर निळा उठून दिसत नाही. मग लक्षात आलं की ती जहाजाने जात नाहीये. तोवर ती आत गेली होती.

८ फेब्रुवारी
निघालो. मी आधी निघालो, कारण माझा मार्ग समृद्ध आहे. मालिनी स्टेशनवर सोडायला आली होती. डब्यात घावणे दिले. गाडी हलल्यावर खिडकीशी चार पावलं चालली. म्हणाली, "या हं नक्की." जणू मी तिच्याकडे पाहुणा जाणार आहे.

१० फेब्रुवारी
नागपट्टणम. अंग आंबलं आहे, पण मन प्रसन्न. लॉज बरा. नकाशात समुद्र उजव्या हाताला आहे, म्हणजे पूर्वेला. आपल्याकडे तो पश्चिमेला असतो. सबंध दिवस चुकल्यासारखं वाटलं.
बंदरावर चौकशी केली. वारा फार आहे, बोट आज नाही, उद्याही बहुधा नाही. हे ऐकून मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की दोन प्लेट इडली खाल्ली.

१२ फेब्रुवारी
बोट बंदच. मालिनी आज सकाळी उडाली. नीरजाने विमानतळावरचा फोटो पाठवला. निळा ड्रेस, कपाळावर मोठी टिकली, दीपाली शेजारी. ड्रेस बरा दिसतो.
विमान हवेत असेपर्यंत मी लॉजच्या गच्चीवर होतो. मोबाइलवर विमान कुठे आहे ते दिसतं. तो ठिपका समुद्रावर गेल्यावर बघवेना, म्हणून फोन उलटा ठेवला. बॅटरी वाचवायला.
उतरल्यावर तिचा व्हिडिओ कॉल. हसत होती. ढग खरंच कापसासारखे आहेत, म्हणाली. मी बाष्पाचा विषय काढला नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी
वारा पडला. बोट आज जाणार. सामान बांधलं. गोळी घेतली. संकल्प दृढ.

१४ फेब्रुवारी, दुपारी
बंदरावर वेळेत पोचलो. रांगेत उभा राहिलो. पुढे एक म्हातारी होती, लेकाला भेटायला जाफन्याला निघालेली, पायात स्लीपर, हातात पिशवी. रांग सरकली तशी ती सरकली. मी नाही सरकलो. मागच्या माणसाने तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी बाजूला होऊन त्याला जागा दिली, मग त्याच्या मागच्यालाही. सौजन्य.
बोट लांबून मोठी वाटत होती. जवळून तितकी नाही.
पोट बिघडलं. इडलीबरोबरची चटणी. लॉजवर परतलो.
मालिनीचा फोन आला तेव्हा सांगितलं की बोट अजून बंद आहे. वैद्यकीय तपशील देऊन तिला काळजीत टाकायचं नव्हतं.  ती म्हणाली, "जपून राहा. ताक प्या."
ताकाचं तिला कसं सुचलं कळत नाही.

१६ फेब्रुवारी
मालिनीने गॉलच्या किल्ल्याचा फोटो पाठवला. तटावर एकटी बसली आहे. दीपालीने काढला असणार. शेजारी दगडावर तिची पर्स ठेवलेली, म्हणजे एका माणसाची जागा अडवलेली दिसते.
कळवलं: हवामान प्रतिकूल, माघारी फिरतोय. उत्तरात तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं. याचा अर्थ नमस्कार, धन्यवाद किंवा पुरे झालं, यांपैकी कोणताही होतो. नीरजाला विचारावं का? नको.

१९ फेब्रुवारी
रत्नागिरी. घर बंद होतं, किल्ली दीपालीच्या नवऱ्याकडे. हा भागोजी स्वभावाने गरीब. म्हणाला, "काय अण्णा, कशी झाली श्रीलंका?" मी म्हटलं, बाहेरून बघितली. तो म्हणाला, मीही बाहेरूनच बघतो, त्या येईपर्यंत पिठलं टाकू का दोघांचं? त्याच्या आणि माझ्या परिस्थितीत मूलभूत फरक आहे. तो गेलाच नव्हता.
पिठलं खाल्लं.

२२ फेब्रुवारी
मालिनी आली. उन्हाने काळवंडली आहे आणि भरभर बोलते आहे. माझ्यासाठी चहाचा डबा, लाकडी हत्ती. संध्याकाळी कुळथाची पिठी करता करता तिकडची सगळी हकीकत सांगितली. मीही पाल्कच्या सामुद्रधुनीतले वारे आणि त्यांची कारणं सांगायला सुरुवात केली.
ती पळीने ढवळत म्हणाली, "गॉलच्या हॉटेलात मदुराईचं एक जोडपं होतं. चौदा तारखेच्या बोटीने आले होते. समुद्र अगदी शांत होता म्हणाले."
मी म्हटलं, वेगळी बोट असेल.
"असेल," म्हणाली. मग गॅस बारीक केला. "विमान वर चढताना मला इतकी भीती वाटली. दीपालीचा हात असा आवळला की तिच्या बोटावर अंगठीचा वळ उठला. तुम्हाला भीती वाटते हे मला पहिल्यापासून माहीत आहे. अजिंक्यला माहीत आहे, नीरजाला माहीत आहे. एकदा नुसतं म्हणाला असतात तर दोघं मिळून घाबरलो असतो."
मी म्हटलं, भीती वगैरे काही नाही, माझे आक्षेप भौगोलिक आहेत.
"बरं," म्हणाली.
पुढच्या वर्षी दीपाली आणि ती व्हिएतनामला जाणार आहेत. ठरलंसुद्धा. मला सांगितलं, विचारलं नाही.
मग पानं वाढली. पिठीत मीठ घालायला विसरली होती. मी मीठ न मागता सगळी संपवली.