दोन पावत्या, एक घरपट्टी

यंदाची घरपट्टी दोनदा भरली गेली. मी पाच तारखेला भरली. तू दोनलाच भरली होतीस, ते काल चपलांच्या कपाटावर तुझी पावती दिसली तेव्हा कळलं.

जादा पैसे परत मिळतात. पण घर दोघांच्या नावावर आहे, म्हणून अर्जावर दोघांनी कारकुनासमोर सही करायची असते. माझी मी करून आले. एकत्र यावं लागत नाही, तेही विचारून घेतलं. तू शुक्रवारच्या आत जा, तुझी पावती आणि ओळखपत्र ने.

कारकून म्हणाले, "एकाच घरात राहता ना? मग दोघांनी कशी काय भरली?"

मी सांगितलं, तू सारखा फिरतीवर असतोस.

तुला विचारलंच, तर तूही तेच सांग.